गळ्याशी जुळणारा रंग

गेल्या महिन्यात एका पुस्तक प्रकाशनाचे फोटो हाती आले आणि माझी भाची म्हणाली, ''मावशी, समई पेटवायची काही गरजच नव्हती. तुझं नाक पुरेसं होतं.'' माझी त्वचा तेलकट. साठी उलटली तरी तिने स्वभाव सोडलेला नाही. बँकेत होते तेव्हा दुपारी रोकड जुळवताना कपाळावरून रुमाल फिरवला, की त्यातून पलीकडचे दिसावे अशी अवस्था व्हायची.

तर भाचीच्या आग्रहाखातर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात फाउंडेशन घ्यायला गेले. तेलकट त्वचेसाठीचे, पातळ, 30 मिलिलिटरची बाटली. काउंटरवरच्या मुलीने एक बाटली उघडून माझ्या मनगटावर थेंब टाकला. थेंब सोललेल्या बदामाचा, मी गुळाच्या ढेपेची. ''काकू, एक शेड उजळच घ्यायची असते,'' ती समजावणीच्या सुरात म्हणाली.

घ्यायची असते! मला 1983 सालचा मे महिना आठवला. दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी आईने आधी स्नो थापला, वर पावडर. पोहे येईपर्यंत घामाचे ओघळ सुरू झाले. मुलाच्या आईने चेहरा पाहिला, मग गळा पाहिला. आठवड्याने पत्र आले, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका आधीच जुळली होती.

चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची, हे मला नोकरीने शिकवले. इथे नमुना म्हणजे गळा. मनगटावर रंग पाहून उपयोग नाही, तो जबड्याच्या कडेला लावायचा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न पाहता दाराशी उजेडात जाऊन पाहायचा, आणि दहा मिनिटे थांबायचे, कारण वाळल्यावर आणि त्वचेतले तेल मिसळल्यावर तो बरेचदा गडद होतो. दुकानदार घड्याळ पाहू लागला. पाहू दे. माझ्या काउंटरपुढे लोक यापेक्षा जास्त वेळ उभे राहिले आहेत.

या बाटलीत जादू काही नाही. तेल शोषायला सिलिकाची बारीक भुकटी, नीट पसरावे म्हणून सिलिकोन, पांढऱ्या रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि बाकी छटांसाठी पिवळे, तांबडे, काळे आयर्न ऑक्साइड. अंगणात तुळशीवृंदावनाला आपण गेरू लावतो, त्याचा तांबडेपणाही आयर्न ऑक्साइडचाच. म्हणजे सावळी छटा तयार करणे काही अवघड नाही. 2017 साली 'फेंटी ब्यूटी'ने एकदम 40 छटा बाजारात आणल्या. 2020 साली 'फेअर अँड लव्हली'चे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. पण या दुकानाच्या फळीवर पुढे चार बाटल्या होत्या, चारही गोऱ्यांच्या. माझी सर्वांत खालच्या फळीवर, धूळ पुसून मिळाली. ही धूळ मला खटकते. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून ठेवत नाही, असे दुकानदार म्हणतो; आणि समोर नसलेली वस्तू गिऱ्हाईक मागणार कशी?

घरी येऊन आधी हलके मॉइश्चरायझर लावले (तेलकट चेहऱ्यालाही ते लागते, हे भाचीने शिकवले), मग मटारएवढे फाउंडेशन, बोटांनी न चोळता टिपत टिपत. नाक साधारण चार तासांनी पुन्हा चमकू लागले, तेव्हा टिश्यूने टिपले. सुरकुत्यांत थोडे साचते. एरवी तक्रार नाही.

संध्याकाळी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला त्याच दुकानात गेले. ती मुलगी निरखून बघत म्हणाली, ''लावलंय? कळतच नाही.'' तेव्हा प्रथमच मी तिच्याकडे नीट पाहिले. चेहरा बदामी, गळा माझ्यासारखाच. दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. तिने खाली वाकून शेवटच्या फळीवरची बाटली काढली आणि दाराशी उजेडात गेली.