१५० पीएसआयचं खेळणं

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी बोललं की दंड भरावा लागायचा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने माफ करावं. प्रेमकविता आणि पावसावरचे लेख दरवर्षी भरपूर येतात, म्हणून मी ठरवलं की आपण टायरवर लिहायचं. हसू नका. थर्ड इयर मेकॅनिकलची मुलगी अजून कशावर लिहिणार?

मागच्या जूनमध्ये बाबा मला नाशिकहून पुण्याला हॉस्टेलवर सोडायला येत होते. गाडी आमची जुनी हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. चंदनापुरी घाटात मागचा टायर बसला. रात्रीचे साडेनऊ, बारीक पाऊस. बाबांनी जॅक लावला, नट सैल केले, डिकीतून स्टेपनी काढली, तर तिच्यातच हवा नाही! वर्षभर कोणी बघितलंच नव्हतं. पण मी अगदी शांत होते, कारण माझ्या बॅगेत पंप होता. दोनच महिन्यांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये मीच निवडून घेतलेला, बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा. "तू इंजिनिअर ना, तूच बघ," असं बाबा म्हणाले होते आणि मी बघितलं होतं. एका खोक्यावर १०० पीएसआय लिहिलेलं, दुसऱ्यावर १२०, तिसऱ्यावर १५०. मी १५० वाला घेतला. जास्त म्हणजे चांगला, एवढीच माझी इंजिनिअरिंग!

स्टेपनीत ८ पीएसआय होते. पंप सुरू झाला, आवाज असा की अख्खा घाट दणाणला. १२... १५... १८... आणि २० वर तो बंद पडला. हात लावला तर चटका बसला. थोडं थांबून परत चालू केला, तर बॅटरीचा लाल दिवा लागला. आईचे तोपर्यंत तीन फोन येऊन गेले होते.

शेवटी एक कांद्याचा ट्रक थांबला. ड्रायव्हरदादा खाली उतरले, पंपाकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हे खेळणं ठेवा आत." केबिनमधून लांब पाइप आणला, ट्रकच्या ब्रेकच्या हवेच्या टाकीला जोडला आणि दीड-दोन मिनिटांत स्टेपनी टणक. गेज वगैरे काही नाही. टॉमीने टायरवर दोन ठोके मारले, आवाज ऐकला, "झालं ताई." पैसे घेतले नाहीत. (हॉस्टेलवर पोचून मोजलं तर ३६ भरले. कान बरा होता, जरा जास्तच बरा.)

माझं डोकं त्या पाइपवरच अडकलं. ट्रकच्या ब्रेकच्या टाकीत साधारण ८ बार, म्हणजे ११५-१२० पीएसआय असतात. माझ्या खोक्यावर १५० लिहिले होते. कमी प्रेशरवाल्याने दोन मिनिटांत काम केलं आणि जास्तवाला हाशहुश करून मेला!

तर सांगायचा मुद्दा असा की कारच्या टायरला ३०-३५ पीएसआयच लागतात. पंप १०० देतो की १५०, याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो मिनिटाला किती लिटर हवा ढकलतो याने. साधा हिशेब करून बघा. आमच्या टायरच्या पोटात साधारण ३० लिटर जागा आहे. प्रेशर एक ॲटमॉस्फिअरने, म्हणजे १४.७ पीएसआयने वाढवायचं तर बाहेरची ३० लिटर हवा आत कोंबावी लागते. ८ वरून ३३ ला जायचं म्हणजे जवळजवळ ५० लिटर. माझ्या पंपाच्या माहितीपत्रकात, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: १२ लिटर प्रति मिनिट. तेसुद्धा समोर काही अडथळा नसताना. टायरमधलं प्रेशर वाढत जातं तसा हा आकडा घसरत जातो. त्याच्या खालच्या ओळीत: सलग ५ मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये. म्हणजे तो पंप रिकामी स्टेपनी भरण्यासाठी बनलाच नव्हता, आणि हे त्यांनी लिहूनही ठेवलं होतं. फक्त खोक्याच्या समोर नाही.

मला राग कंपनीचा कमी आला, स्वतःचा जास्त. सेकंड इयरला आपण सगळ्यांनी रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर केला आहे. क्लिअरन्स व्हॉल्यूम, व्हॉल्युमेट्रिक एफिशिअन्सी, इंटरकूलर का लावतात, आठ मार्कांना हमखास. मला त्यात आठपैकी सात होते! प्रेशर रेशो वाढला की सिलिंडरमध्ये येणारी ताजी हवा कमी होते, हे मी आकृतीसकट लिहून आले. ३० डिग्रीची हवा उष्णता बाहेर न सोडता ३३ पीएसआयपर्यंत दाबली तर ती दीडशे डिग्रीच्या आसपास जाते, हेही त्याच सूत्रातून निघतं. अंगठ्याएवढा पिस्टन, थंड करायला काही सोय नाही, मग तो तापणार नाही तर काय होईल? पण दुकानात किंवा मोबाइलवर खरेदी करताना ते सगळं वहीतच राहतं आणि आपण मोठा आकडा बघून खूश होतो. माझ्या मते ही आपल्या ब्रँचची खरी लाज आहे. बॅकलॉगपेक्षाही मोठी.

त्या १५० चा एक तोटा तर मला नंतर कळला. घड्याळासारखा काटा असलेला गेज ० ते १५० चा असेल तर आपले ३३ पहिल्या पावभागात कोंबलेले असतात. दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे झाले तर डोळ्याला कळत नाही. म्हणून डिजिटल गेजचा आणि ठरवलेल्या प्रेशरला आपोआप बंद होणारा बरा. आणि पंप चालू असताना दिसणारा आकडा जरा फुगलेलाच असतो. बंद करून मग वाचायचा.

कारसाठी माझं मत स्पष्ट आहे: १२ व्होल्टचा, वायरवाला. इंजिन चालू ठेवून सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा, बॅटरी उतरायची भीती नाही (बंद गॅरेजमध्ये मात्र असं करू नका). सॉकेटचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १८० वॉटची हद्द. त्याहून मोठा पंप हवा तर तो क्लिपा लावून थेट बॅटरीवर चालवावा लागतो, सॉकेटला लावला की फ्यूज गेलाच. आणि वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का ते बघा, हे कोणीच बघत नाही. बॅटरीवाले छोटे पंप वाईट नाहीत, माझ्या रूममेटच्या स्कूटरला तो मस्त चालतो, कारण तो टायरच केवढासा! पण गाडीत सहा महिने पडलेला, उन्हात तापलेला लिथियमचा पंप रात्री घाटात किती साथ देईल, यावर मी आता पैज लावणार नाही.

कोणी म्हणेल, पेट्रोल पंपावर फुकट हवा मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? कारण दारावरच्या स्टिकरवरचे ३३ हे गार टायरचे असतात. चार किलोमीटर गाडी चालवून पंपावर जाईपर्यंत टायर तापतो, आणि साधारण सहा डिग्रीला एक पीएसआय वाढतो. शिवाय २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, प्रेशर दाखवणारी यंत्रणा आणि रिपेअर किट असेल तर छोट्या गाड्यांना स्टेपनी ठेवायची सक्ती उरलेली नाही. उद्या आपल्यातले जे इलेक्ट्रिक गाडी घेतील, त्यातल्या बऱ्याच जणांना डिकीत स्टेपनीच्या जागी हाच डबा मिळेल.

आता आमच्या घरातलं भांडण. बाबा महिन्यातून दोनदा सिन्नरजवळून समृद्धी महामार्गावर चढून जालन्याला कामाला जातात. सिमेंटचा रस्ता, १२० ची वेगमर्यादा. २०२३ मध्ये तिथे गाड्या अडवून टायर तपासायला सुरुवात झाली ती उगाच नाही. आणि बाबांचा, त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांचा, एक ठाम सिद्धांत आहे: उन्हाळ्यात हवा गरम होऊन फुगते, म्हणून कमी भरायची. ऐकायला किती शहाणं वाटतं ना? पण १२० च्या वेगाने आमचं चाक सेकंदाला सतरा वेळा फिरतं. हवा कमी असली की प्रत्येक फेरीत टायरची बाजू जास्त वाकते, सरळ होते, परत वाकते. ती वाकण्याची उष्णता रबराला आतून भाजते. कमी हवेचा टायर थंड राहत नाही, तोच जास्त तापतो. तापल्यावर वाढणारे चार-पाच पीएसआय टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेले असतात.

दिवाळीत मी नवा पंप घेतला. खोक्याची मागची बाजू दुकानात उभी राहून वाचली, दुकानदार वैतागला. मिनिटाला ३५ लिटर, डिजिटल, वायरवाला. रविवारी सकाळी चहाच्या आधी चारही टायर आणि स्टेपनी, असं बाबांकडून कबूल करून घेतलं. गेजचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, हेही.

परवा फोटो आला. २९.

मी फोन केला. "बाबा, ३३ सांगितले होते ना?"

"अगं, केवढं ऊन आहे बघ. जालन्याला बेचाळीस आहे आज."

"म्हणूनच तर ३३!"

"बरं बरं, तू पेपर दे नीट," म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आता शनिवारी घरी जाते आहे. पंप मीच लावणार.