सही आपली, सेफ्टी कोणाची?

कुवेतमधल्या बहुतेक मोठ्या प्लांटच्या गेटवर एक बोर्ड असतो. ‘अपघाताविना इतके लाख मॅन-अवर्स.’ आकडा रोज वाढतो. पहाटे कॅम्पातून निघालेल्या बसमध्ये आपण अर्धवट झोपेत असतो, बोर्ड दिसतो, आणि आपण आत जातो.

हा आकडा कसा वाढतो, ते मी एका शटडाऊनमध्ये पाहिलं. आमच्यातल्या एका फिटरच्या हातावर फ्लँज घसरला, दोन बोटं चेचली. क्लिनिकमध्ये पट्टी झाली. दुसऱ्या दिवशी त्याला बसमध्ये घालून साइटवर आणलं, एसी कंटेनरमध्ये खुर्चीवर बसवलं आणि हजेरी लावली. आठ दिवस तो नुसता बसून. आम्हाला वाटलं, कंपनी दयाळू आहे. नंतर कळलं, माणूस खोलीवर राहिला असता तर ‘लॉस्ट टाइम’ अपघात धरावा लागला असता. हजेरी लागली, म्हणजे अपघात झालाच नाही. बोर्डवरचा आकडा शाबूत राहिला. त्याची बोटं अजून नीट वळत नाहीत.

भावांनो, माझं म्हणणं सरळ आहे. इथे सेफ्टी दोन प्रकारची चालते. एक माणसाला वाचवते, दुसरी कंपनीला. पहिलीला वेळ आणि पैसा लागतो. दुसरीला फक्त आपली सही लागते.

हॉट वर्क परमिटच घ्या. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगला हात लावण्याआधी गॅस टेस्ट झालेली पाहिजे, लाईन ब्लाइंड केलेली पाहिजे, आग विझवायचं सामान जवळ आणि फायर वॉच उभा पाहिजे. ज्याने सही करायची त्याने जागेवर जाऊन हे बघायचं, मग सही. परमिटचा अर्थ एवढाच. पण शटडाऊनची घाई सुरू झाली की सकाळचं गॅस रीडिंग दुपारच्या कागदावर चढतं. टूलबॉक्स टॉक इंग्रजीत, पाच मिनिटांचा, समोर चाळीस माणसं, मागच्यांना ऐकूच येत नाही. शेवटी रजिस्टर फिरतं आणि आपण सही ठोकतो.

आता एचटूएसचं बघा. हा गॅस थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. ज्याला हे माहीत नाही, तो म्हणतो, वास गेला म्हणजे गॅस गेला, आणि बेधडक पुढे जातो. ही एक गोष्ट आपल्या भाषेत सांगायला दोन मिनिटं लागतात, त्यात जीव वाचतो. पण तो माणूस टाकीत पडला, तर चौकशीत पहिला कागद कोणता निघेल? तेच रजिस्टर. ‘याला धोका समजावला होता, ही बघा सही.’

म्हणजे जो कागद आपल्या रक्षणासाठी होता, तोच आपल्याविरुद्धचा पुरावा होतो.

१४ जानेवारी २०२२ ला मीना अल अहमदी रिफायनरीत देखभालीचं काम चालू असताना आग लागली. दोन कामगार गेले, दोघेही भारतीय. काही जण गंभीर भाजले. लक्षात घ्या, देखभालीचं काम चालू असताना. शटडाऊन आणि मेंटेनन्समध्ये पुढे कोण असतं? कंत्राटदाराची माणसं, त्याच्याखालच्या पोट-कंत्राटदाराची माणसं, आणि लेबर सप्लायवर आणलेली माणसं. वरच्या कंपनीचं सेफ्टी मॅन्युअल हातभर जाड असतं. खाली येताना प्रत्येक कंत्राटदार थोडे पैसे वाचवतो. शेवटच्या माणसापर्यंत पोचतात ते फक्त झिजलेले हातमोजे.

आणि सेफ्टी गेटवर संपत नाही. १२ जून २०२४ ची पहाट आपल्यातला कोण विसरेल? मंगफमध्ये एका कंपनीच्या कामगारांची इमारत. तळमजल्यावरच्या वॉचमनच्या खोलीत शॉर्ट सर्किट झालं आणि आग लागली. खोल्यांमध्ये पार्टिशन होती पटकन पेट घेणारी, त्यांचा काळा धूर जिन्याने वर चढला. माणसं गच्चीकडे धावली, तर गच्चीच्या दाराला कुलूप. पन्नास जण मेले. बहुतेक जण धुराने गुदमरले. १४ जूनला ४५ भारतीयांचे मृतदेह घेऊन हवाई दलाचं विमान कोचीला उतरलं. त्यात एक आपल्या महाराष्ट्राचा होता.

ते कुलूप कोणी लावलं हा पोलिसांचा प्रश्न. माझा प्रश्न वेगळा आहे. दिवसभर प्लांटमध्ये ‘इमर्जन्सी एक्झिट कुठे आहे’ असं विचारणाऱ्या सेफ्टी ऑफिसरला रात्री आपण झोपतो ती जागा कधी दाखवली जाते का? दुर्घटनेनंतर सरकारने तपासण्या केल्या, बेकायदा पार्टिशन तोडली. चांगलं झालं. पण त्याआधी ती कोणाला दिसत नव्हती?

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. खासगी क्षेत्रासाठी कुवेतचा २०१० चा कायदा क्रमांक ६ आहे. त्याप्रमाणे धोका कामाआधी समजावून सांगणं मालकाचं काम. संरक्षणाचं सामान त्याने द्यायचं, त्याचे पैसे आपल्या पगारातून कापायचे नाहीत. कामावर अपघात झाला तर पोलीस स्टेशनला आणि कामगार खात्याला कळवणं त्याच्यावर बंधनकारक. उपचाराचा खर्च त्याचा, आणि उपचाराच्या काळात पगार हा आपला हक्क. म्हणजे आमच्या त्या फिटरला कंटेनरमध्ये बसवण्याची काही गरज नव्हती. तो खोलीवर पडून, बोटं बरी करत पगार घेऊ शकला असता. त्याला हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्हालाही माहीत नव्हतं. १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम बंद, हाही नियमच आहे.

काही जण म्हणतात, कामगारच बेपर्वा, हेल्मेट काढून फिरतात, शॉर्टकट मारतात. मारतात, खोटं कशाला बोलू. पण शॉर्टकट कोणासाठी मारतात? बारा तासांची ड्युटी, वर ‘आज एवढे जॉइंट झालेच पाहिजेत’ म्हणून डोक्यावर बसलेला फोरमन. आणि तो फोरमन बऱ्याचदा आपल्याच गावाकडचा असतो, हेही बोललं पाहिजे. पट्टा घालायला वेळ लागतो म्हणून ओरडणारा माणूस उद्या चौकशीत म्हणतो, याने पट्टा घातला नव्हता.

काही म्हणतात, गल्फ आहे, इथे असंच चालतं. मंगफच्या बरोबर वीस दिवस आधी, २३ मे २०२४ ला, डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. त्याच एमआयडीसीत २०१६ च्या मे महिन्यातही प्रोबेसचा स्फोट झाला होता. तेव्हा देशाचं नाव पुढे करू नका. जिथे तपासणी कागदाची होते आणि माणसाची होत नाही, तिथे हेच होतं.

खरी गाठ कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. इंडक्शनमध्ये सांगतात, ‘काम धोक्याचं वाटलं तर थांबवा, हा तुमचा अधिकार आहे.’ खिशात कार्डही देतात. पण अठरा नंबरचा व्हिसा कंपनीच्या नावावर, अकामा पुढच्या महिन्यात संपतोय, गावी एजंटच्या पैशाचं कर्ज. अशा माणसाने काम थांबवायचं? ज्या दिवशी काम थांबवणाऱ्याची नोकरी जाणार नाही याची हमी मिळेल, त्या दिवशी मी त्या कार्डाला सेफ्टी म्हणेन. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क ठरवला. भारत आणि कुवेत दोघेही तिचे सदस्य आहेत. मग ही हमी मागणं म्हणजे भीक नव्हे.

तोपर्यंत आपण काय करायचं?

एकट्याने भिडू नका, चौघे मिळून बोला. ‘समजलं नाही, हिंदीत सांगा’ एवढं चौघांनी म्हटलं तरी टूलबॉक्स टॉक बदलतो. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही.

लागलं तर त्याच दिवशी नोंद करा. ‘खोलीत पडलो’ असं डॉक्टरला सांगा म्हणून कोणी पढवलं, तरी सांगू नका. रिपोर्टची प्रत घ्या. मोबाईल गेटवर जमा होतो, म्हणून वहीत तारीख, वेळ, जागा आणि सोबत कोण होतं ते लिहा.

आज रात्री गच्चीचं दार उघडतं का, ते जिना चढून बघा. कुलूप असेल तर उद्याच कॅम्प बॉसला सगळ्यांनी मिळून सांगा. ऐकलं नाही तर मॅनपॉवर अथॉरिटी आहे, आपली एम्बसी आहे, मदद पोर्टल आहे.

ईसीआर पासपोर्टवर आला असाल तर प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी काढलेली असते. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. तिची प्रत घरी आहे का, ते फोन करून विचारा.

बोर्डवरचा आकडा कंपनीचा आहे, तो वाढो. आपला हिशोब एवढाच, की बसमधून जितके गेलो तितके परत आलो पाहिजे.