'पवित्र शास्त्रा'त चूक नसते का?



मराठी बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणतात. बाबासाहेबांचे 'जातिप्रथेचे विध्वंसन' ज्याने एकदा तरी वाचले आहे, त्याच्या कानाला यातला 'शास्त्र' हा शब्द खटकलाच पाहिजे. शास्त्रांचे पावित्र्य आणि प्रामाण्य मोडल्याशिवाय जात मोडणार नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. ते हिंदू शास्त्रांविषयी होते हे खरेच. पण जो तर्क मनुस्मृतीला लागू होतो तो दुसऱ्या धर्माचा ग्रंथ समोर आला की आपण खिशात घालून ठेवायचा का? आमचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते का, हे इथे जरा सविस्तर सांगायचे आहे.

हा विषय आमच्या नगर जिल्ह्यात (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर) हवेतला नाही. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, संगमनेर या पट्ट्यात एकाच भावकीतली काही घरे बौद्ध आहेत, काही ख्रिस्ती. आडनाव एक, गावकीतला भूतकाळ एक. एकाचा आजोबा मिशनच्या शाळेत गेला, दुसऱ्याचा १९५६ नंतर बुद्धाकडे वळला. आता मोबाईलवर वाद होतात. कुणीतरी ठणकावून लिहितो, "बायबलमध्ये एकही चूक नाही, असेल तर दाखवा." त्यावर आपली पोरे दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर "तेही आपलेच आहेत, कशाला दुखवा" म्हणून गप्प बसतात, किंवा हिंदुत्ववाद्यांच्या कारखान्यात तयार झालेली टिंगल उचलून तशीच पुढे ढकलतात. पहिल्यात चिकित्सा नाही आणि दुसऱ्यात स्वाभिमान नाही.

आधी एक गोष्ट मान्य करू. या ग्रंथाने आणि तो घेऊन आलेल्या माणसांनी या मातीत जे केले ते विसरता येणार नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरमध्ये ठाणे मांडले. तिथली मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. १८४२ साली नगरमध्येच 'ज्ञानोदय' सुरू झाले. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. तिचा सवाल असा होता की, वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमच्याजवळ ग्रंथच नाही. मग आमचा धर्म तरी कोणता? ज्यांना हजारो वर्षे अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्यांच्या हातात कुणी "हे पुस्तक तुझेही आहे" म्हणून पुस्तक दिले, तर ते त्याने छातीशी धरले यात नवल काय? ज्यांच्या पूर्वजांनी हे भोगले त्यांनी तरी या भावनेची चेष्टा करू नये.

पण छातीशी धरलेले पुस्तक निर्दोष असते असे नाही.

दाखवायचेच असेल तर दाखवू. मत्तयाच्या शुभवर्तमानात योसेफाचा बाप याकोब, लूकच्या शुभवर्तमानात एली. यहूदा इस्कर्योताने मत्तयानुसार गळफास घेतला. प्रेषितांच्या कृत्यांत तो पालथा पडून त्याचे पोट फुटले. दावीदाला शिरगणती करायला कुणी प्रवृत्त केले? दुसऱ्या शमुवेलात परमेश्वराने, पहिल्या इतिहासात सैतानाने. राजा अहज्या गादीवर आला तेव्हा त्याचे वय दुसऱ्या राजांच्या पुस्तकात २२ आहे आणि दुसऱ्या इतिहासाच्या हिब्रू पाठात ४२. त्याचा बाप मेला ४० व्या वर्षी, म्हणजे मुलगा बापाहून मोठा. लेवीयात ससा रवंथ करतो असे लिहिले आहे. ससा रवंथ करत नाही, हे शेरडे राखणारे पोरही सांगेल.

या प्रत्येकावर उत्तरे तयार आहेत, ती आम्हीही वाचली आहेत. एक वंशावळ मरीयेची समजा, नक्कल करणाऱ्याच्या हातून आकडा चुकला समजा, दोर तुटून पडला समजा. समजायला आमची हरकत नाही. पण इतके 'समजा' ज्याला लागतात तो मजकूर माणसांनी माणसांसारखा लिहिला, एवढे तरी मग कबूल करा.

यापेक्षा जास्त चतुर उत्तर १९७८ च्या शिकागो जाहीरनाम्यात आहे. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल पंडितांनी 'बायबल निर्दोष आहे' या सिद्धांताची तिथे कलमवार मांडणी केली. त्यातले एक कलम सांगते की दैवी प्रेरणा काटेकोरपणे लागू होते ती मूळ हस्तलिखितांना. ती मूळ हस्तलिखिते आज जगात कुठेही नाहीत. म्हणजे जे पुस्तक कुणी पाहिलेले नाही त्यात चूक नाही! हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटत नाही का? "मूळ वेदांत जात नव्हती, हे सगळे नंतर घुसडलेले आहे." गांधीजींनी शास्त्रांचा असाच बचाव केला तेव्हा बाबासाहेबांनी दिलेले उत्तर असे: सामान्य माणूस अस्सल वचन आणि प्रक्षिप्त वचन असा फरक करत नाही, ग्रंथात काय आहे म्हणून त्याला सांगितले गेले त्यावर तो चालतो. नगरच्या वस्तीतल्या माणसाच्या हातातही चौथ्या शतकातली पोथी नाही. त्याच्या हातात छापील मराठी प्रत आहे आणि कानात पाळकाचा आवाज आहे.

आणि इथेच प्रश्न आकड्यांचा उरत नाही, जिवाचा होतो. आजाऱ्यांवर हात ठेवून बरे करण्याच्या सभांमध्ये ज्या वचनाचा हमखास आधार घेतला जातो ते मार्कच्या शेवटच्या, सोळाव्या अध्यायात आहे. विश्वास ठेवणारे सर्प उचलतील, विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही, त्यांनी हात ठेवले की दुखणेकरी बरे होतील, अशा अर्थाचे ते वचन. आता गंमत पाहा (गंमत तरी कसली म्हणायची!). मार्कचा तो शेवट, म्हणजे ९ ते २० या ओव्या, सिनाईची पोथी आणि व्हॅटिकनची पोथी या चौथ्या शतकातल्या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत नाहीतच. त्यांत मार्क आठव्या ओवीला संपतो. हे आमचे संशोधन नव्हे; ख्रिस्ती विद्वानांनीच ते मांडले आहे आणि बायबलच्या अनेक आधुनिक आवृत्त्यांत तशी टीपही छापलेली असते. सेमिनरीत शिकलेल्या पाळकाला हे माहीत असते, पण सभेतल्या बाईला कुणी सांगत नाही. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. साप चावल्यावर दवाखान्याऐवजी प्रार्थना किंवा मंत्र म्हणत बसले तर माणूस जातो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवणे हा गुन्हा ठरवला आहे. तो भगताला लागू आहे, बाबाला लागू आहे, तसाच प्रार्थनासभेलाही. "पुस्तकात चूक नसते" हे वाक्य जेव्हा "डॉक्टरची गरज नाही" या वाक्यापर्यंत नेले जाते, तेव्हा गप्प बसणे म्हणजे आपल्याच माणसांचा घात करणे होय.

दुसरी चूक याहून मोठी आहे, आणि ती कुठल्याही पोथीत सापडते. लेवीयाचा २५ वा अध्याय परदेशी दास विकत घ्यायला आणि मुलाबाळांना वारसा म्हणून द्यायला परवानगी देतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांनी धन्यांच्या आज्ञा भीत व कापत पाळाव्यात असे सांगितले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर कठोर धन्याच्याही अधीन राहायला सांगितले आहे. पौलाने ओनेसिम या दासाला धन्याकडे परत पाठवले. भाऊ म्हणून स्वीकार अशी विनंती केली, पण दासपणा चूक आहे असे म्हटले नाही. ज्यांच्या गळ्यात मडके होते त्यांच्या वंशजांनी ही वचने कोणत्या तोंडाने 'निर्दोष' म्हणायची?

अमेरिकेत गोऱ्या मळेवाल्यांनी नेमकी हीच वचने वापरली. गुलाम ठेवणारा मिशनरी होऊ शकतो की नाही यावरून १८४५ साली तिथले बाप्टिस्ट फुटले आणि दक्षिणेत सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन उभे राहिले. त्यांना त्याची माफी मागायला १९९५ साल उजाडले. आणि हे आपल्यापासून फार लांबचे समजू नका. नगरला मिशनरी पाठवणारे बोस्टनचे अमेरिकन बोर्ड याच काळात गुलामगिरीबद्दल मवाळ आहे म्हणून टीकेचे धनी झाले होते, आणि त्या रागातून १८४६ साली गुलामगिरीविरोधकांनी वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. दोन्ही बाजूंच्या हातात पुस्तक एकच होते. एका बाजूने इफिस उघडले, दुसऱ्या बाजूने "दास नाही, स्वतंत्र नाही" म्हणणारे गलती उघडले. मग बरोबर पान कोणते हे कुणी ठरवले? पुस्तकाने तर दोन्ही दिली होती. ठरवले माणसाच्या विवेकाने. म्हणजे विवेक पुस्तकाच्या वर बसला, मान्य करा अगर करू नका.

नगर जिल्ह्यातही "तुम्ही सर्व एक आहात" हे वचन वाचून महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती हा भेद पुसला गेला नाही. ख्रिस्ती झाल्यावर जात सुटत नाही आणि मिशनने त्याविरुद्ध लढा उभारला नाही, ही बाबासाहेबांची तक्रार त्यांच्या धर्मांतरितांविषयीच्या लेखनात स्पष्ट आहे. चुकीच्या वचनाने गुलाम केले, आणि बरोबरचे वचन असूनही सोयरीक झाली नाही.

ख्रिस्ती परंपरेतही हे बोलणारी माणसे होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिनशी वाद मांडला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या ताब्यात जाणार नाही, हा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. पुढे त्या बायबलला देवाचे वचन मानूनच जगल्या, तो त्यांचा अधिकार. पण आधीच्या मराठी भाषांतरांतले हिंदू धर्मकल्पनांनी भरलेले शब्द त्यांना खटकले, म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला त्यांनी सगळे बायबल नव्याने मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. शब्द बदलता येतो, बदलावा लागतो, हे त्यांच्या हातांना माहीत होते. कॅथलिक चर्चनेही १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेत दावा आवरता घेतला: तारणासाठी देवाला जे सत्य सांगायचे होते ते ग्रंथ निर्दोषपणे शिकवतो, असा. हरेगावच्या मतमाऊलीला जाणाऱ्या आमच्या कॅथलिक भावांनी हे आपल्या फादरना जरूर विचारावे.

जोतीरावांनी तर 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त मुळावरच बोट ठेवले. कोणत्याही धर्मपुस्तकात आरंभापासून शेवटपर्यंत सार्वजनिक सत्य नाही, प्रत्येक ग्रंथ त्या त्या काळाच्या समजुतीप्रमाणे झाला, असे त्यांचे म्हणणे. आणि त्याच पुस्तकात त्यांनी असे कुटुंब कल्पिले की ज्यात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात. ग्रंथ मानवी मानला तरच अशी एक चूल पेटते.

आता आपल्याकडे वळू, नाहीतर हे सगळे दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ होईल. "बुद्ध आणि त्याचा धम्म' यात एकही चूक नाही" असे म्हणणारे आपल्यातही तयार होत आहेत. ते पुस्तक उघडून पाहा. प्रस्तावनेतच बाबासाहेब विचारतात की म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले हे पटण्यासारखे आहे का. २९ वर्षांचा होईपर्यंत त्याने हे पाहिलेच नव्हते काय? पुढे ते दाखवतात की बुद्ध जिवंत असतानाच त्यांच्या नावावर चुकीची वचने खपवली जात होती, पाठांतर करणाऱ्या भाणकांच्या हातून मजकूर बदलत होता. म्हणून बुद्धवचन ओळखायची कसोटी ते बुद्धिसंगत आणि तर्कसंगत असण्याची लावतात. १९५० सालच्या बुद्ध आणि त्यांच्या धर्माच्या भवितव्यावरील लेखात ते सांगतात की येशूने देवपुत्र असल्याचा दावा केला, बुद्धाने आपल्या शिकवणीला असला दैवी शिक्का मारला नाही. काळाला न जुळणारी शिकवण सोडून देण्याची मुभा अनुयायांना दिली. जो माणूस त्रिपिटकाला प्रश्न विचारतो, त्याच्या पुस्तकाला आपण पवित्र शास्त्र करणार?

एक सावधगिरी मात्र हवी. बायबलमधल्या चुका मोजणारा प्रत्येक जण आपला मित्र नाही. जो ससा आणि रवंथ यावर हसतो पण मनुस्मृतीचा विषय निघाला की "संदर्भ पाहा" म्हणतो, त्याच्या पंगतीला बसायचे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले; दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. त्यांच्या ग्रंथावर टीका करणे आणि त्यांच्या हक्कासाठी त्यांच्या बाजूने उभे राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने करता येतात आणि आपण केल्या पाहिजेत. चर्चवर दगड पडला तर पहिली निषेधाची सही आपली हवी.

तेव्हा पुढच्या वेळी भावकीतला कुणी "एक तरी चूक दाखवा" म्हणाला, तर ससा आणि अहज्याच्या वयावर रात्र घालवू नका. मार्कचा सोळावा आणि लेवीयाचा पंचविसावा अध्याय एकत्र बसून मोठ्याने वाचा. मग विहारात त्याच्यासमोर 'बुद्ध आणि त्याचा धम्म'ची प्रस्तावना वाचा आणि त्यालाही प्रश्न विचारू द्या.