आखलेला दिवस
ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपात 'डे प्लॅनर' जोडून मी रोज दिवस आखतो. '९:०० ते १०:०० लेखन' असे लिहावे, की कालपट्टीवर तेवढा चौकोन उमटतो. चालू क्षणाची रेघ त्यावरून खाली सरकत राहते. सोय उत्तम, नाकारीत नाही. पण ही सोय थोर पुरुषांच्या नावाने खपवू नका! बेंजामिन फ्रँकलिनने पहाटे ५ पासूनचा दिवस आखला खरा. परंतु कामाची माणसे आपापल्या सोयीने येतात, म्हणून व्यवस्थितपणाच आपल्याला सर्वांत जड गेला, ही कबुलीही त्याच्याच आत्मचरित्रात आहे. आमचे नियोजनभक्त तेवढी पहाट उचलतात! परवा आई गुडघा धरून दाराशी आली. मी आधी रेघ पाहिली. "थांब, साडेदहाला बघतो," म्हणालो. ती निमूट परतली.