मोटारीची चाके आणि आपली रसिकता

बालाघाटच्या बाजारात एक सायकल-मिस्त्री बसतात. चाक ‘आऊट’ झाले की ते सायकल उलटी उभी करतात, चाक फिरवून नखाने एकेक तार छेडतात आणि जिचा आवाज ढिला येईल तिला चावीने हलकासा पीळ देतात. एकदा मी पाहत उभा होतो तेव्हा हसून म्हणाले, “गुरुजी, तुमच्या तंबोऱ्याला चार तारा, आमच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस. लावायच्या मात्र कानानेच.” यात थट्टा थोडी आणि सत्य फार. एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या तारांना सारखा ताण असेल तर नादही सारखाच येणार. गवयाच्या कानाला चाकातला दोष ऐकू येतो तो यामुळेच.

हे आठवण्याचे कारण असे की, मागे जुन्या मोटारींच्या एका मेळाव्यास जाण्याचा योग आला. मेळावा कोठला व कोणाचा हे सांगण्यात स्वारस्य नाही. तेथे 1950 नंतरची एक छोटी, दोन आसनांची उघडी इंग्रजी मोटार उभी होती. अंगावर सुरेख रंग होता आणि चारी चाकांना झगमगीत तारा होत्या. लोक तिच्याभोवती फोटो काढीत होते. ती एम.जी. कंपनीची ‘टीडी’ होती, आणि टीडीला कारखान्यातून तारांची चाके मिळतच नसत. मालकांना विचारले तेव्हा ते मोकळेपणाने म्हणाले, “मूळची पत्र्याची चाके होती, अगदीच साधी. ती भंगारात दिली. स्पोर्ट्स गाडी म्हटली की तारा हव्यातच ना!”

या ‘हव्यातच’ला माझा विरोध आहे.

आपल्या इंदुरास या विषयाचे वावडे नसावे. महाराजा यशवंतराव होळकर (1908–1961) यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग बांधून घेतली, त्या काळातलीच त्यांची ती अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटार, लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेल्या अंगाची, नारिंगी आणि काळ्या रंगांत नटलेली. माणिकबागेची वास्तूच नव्हे, तर आतील सजावटही मुथेसियस यांनीच योजिली होती. वस्तू संपूर्ण असावी, तिचे अंग आणि उपांग एका विचारातून यावे, ही दृष्टी या शहराने एके काळी आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. मोटारीच्या चाकाकडे त्याच दृष्टीने पाहावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

चाकांच्या जाती तरी किती? आपल्या बैलगाडीचे चाक घ्या. तुंबा, आरे, पुठे आणि वर लोखंडी धाव. गाडीचे ओझे खालच्या आऱ्यावर उभे राहते, म्हणून आरा जाड लागतो. तारेच्या चाकाचा न्याय याच्या उलट आहे. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून बसवाव्या लागतात. ओझे आले की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो. पण तो संपत नाही तोवर चाक तोलून राहते. थोड्या धातूत मोठे बळ मिळते ते या युक्तीने. शर्यतीच्या मोटारींना हलके चाक हवे होते, आणि ते झटपट बदलताही यायला हवे होते. रज-व्हिटवर्थच्या पद्धतीत चाक दातेरी आसावर चढवून मध्ये एकच मोठी कानवाली चकती घट्ट करीत. डाव्या आणि उजव्या बाजूंचे आटे उलट ठेवीत, म्हणजे चालताना चकती सैल न होता आवळतच जाई. तांब्याच्या वा शिशाच्या हातोड्याचे दोन घाव घातले की चाक मोकळे. मिलानच्या बोरानी कंपनीने ही विद्या इटलीत नेली आणि पुढे फेरारीच्या कित्येक मोटारी तिच्याच चाकांवर धावल्या.

पण त्याच काळात दुसरा एक विचारही चालला होता. एत्तोरे बुगाटी यांनी 1924 साली लिऑनच्या शर्यतीत ‘टाइप 35’ उतरविली ती ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर. आठ चपटे आरे आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. चाक काढले की ब्रेकचे पोट उघडे. आणि याच बुगाटींनी 1933 च्या ‘टाइप 59’ला इतक्या बारीक तारा लावल्या की लोक त्यांना पियानोच्या तारा म्हणू लागले. त्या तारांवर फक्त ओझे तोलण्याचे काम होते. इंजिनाचा आणि ब्रेकचा पीळ कडेच्या दात्यांतून धावेपर्यंत जाई. म्हणजे एकाच माणसाने एका मोटारीला ओतीव चाक दिले आणि दुसरीला तारांचे. त्याला दोन्हींचे प्रयोजन ठाऊक होते.

तारांचे राज्य मागे पडले तेही फॅशनीमुळे नव्हे. जॅग्वारच्या ‘सी-टाइप’ने 1951 आणि 1953 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तारांच्या चाकांवर जिंकली. त्यानंतर 1954 साली आलेल्या ‘डी-टाइप’ला डनलॉपची भोके पाडलेली हलक्या धातूची चाके दिली गेली आणि तिने 1955, 1956 व 1957 अशी सलग तीन वर्षे तीच शर्यत मारली. वेग वाढला, डिस्क ब्रेक आले, पीळ वाढला. तारा ढिल्या पडू लागल्या. शिवाय तारेच्या चाकाला सहसा ट्यूब लागते, कारण तारांच्या भोकांतून हवा निसटते. आणि ते धुवायला निम्मी सकाळ जाते ते वेगळेच. तरीही 1961 च्या ‘ई-टाइप’ला जॅग्वारने पुन्हा तारा दिल्या, त्यात मात्र शोभेचा भाग होता, हे मान्य करावे लागेल.

वाचक म्हणतील, मग शोभेसाठी लावल्या तर बिघडले काय? कंपनीने लावल्या त्या चालतात, मालकाने लावल्या त्या का चालू नयेत? प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या टीडीतच आहे. तिच्या आधीची ‘टीसी’ उंच तारांच्या चाकांवर धावे. 1950 च्या सुमारास टीडी आली ती नव्या बांधणीची, छोट्या पोलादी चाकांची. जुने शौकीन नाराज झाले. 1953 च्या ‘टीएफ’ला कंपनीने तारा पुन्हा मागाल तर मिळतील अशी सोय केली. पण टीसी सुमारे दहा हजार विकल्या गेल्या, टीडी त्याच्या जवळजवळ तिप्पट. ही सारी हकिकत त्या साध्या पत्र्याच्या चाकांत लिहिलेली होती. चाके भंगारात गेली, हकिकतही गेली. उद्या कोणी तरुण ती मोटार पाहून टीडी अशीच असे समजेल, आणि त्याला खरे सांगणारे काही उरणार नाही.

माझे वडील दरबारात सारंगी वाजवीत. ते म्हणत, तार तुटली तर जरूर बदला, पण तारेची जात बदलू नका. सारंगीच्या तातीच्या जागी पोलादी तार चढविली तर आवाज मोठा निघेल, कदाचित गोडही वाटेल. पण ती सारंगी राहणार नाही. मोटारीचेही तेच. झिजलेल्या दात्यांचे, गंजलेल्या तारांचे चाक वापरून जीव धोक्यात घाला असे कोणी म्हणत नाही. त्याच जातीचे नवे चाक करून घ्यावे, आणि जुने एखादे तरी जपून ठेवावे.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. वाहन मूळ रूपात असावे, त्यात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. आणि फेरफार म्हणजे काय हे सांगताना चासी, अंगाचा सांगाडा आणि इंजिन यांची नावे घेतली आहेत. चाकाचे नाव त्या यादीत नाही. कायद्याने सगळेच सांगावे अशी अपेक्षाही करू नये. जे कायदा सांगत नाही ते रसिकतेने सांगावयाचे असते. मेळाव्यांच्या परीक्षकांनी एवढेच करावे: चाके मूळ जातीची आहेत काय, नसतील तर मूळची कोठे आहेत, हे मालकास विचारावे आणि मोटारीपुढच्या पाटीवर लिहावे. गुण द्यावेत की कापावेत हे मागाहून ठरवू.

आमच्या या मुलखात शंकरपटाची हौस मोठी. पटाच्या हलक्या छकडीला कोणी ओझ्याच्या बंडीचे चाक लावीत नाही, आणि धानाची पोती वाहणाऱ्या बंडीला छकडीचेही लावीत नाही. न शिकलेल्या शेतकऱ्यालाही हे कळते, कारण त्याला चाकाचे काम ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने चाक हे दागिना नव्हे. आपण ते काम विसरलो, म्हणून आपल्याला चाकात केवळ चकाकी दिसते.

परवा बाजारातून येताना मिस्त्रींना विचारले, मोटारीच्या तारांचे चाक कधी लावले आहे काय? म्हणाले, “एकदाच, फार वर्षांपूर्वी. आता मुलगा हे काम शिकत नाही. म्हणतो, नव्या चाकांना तारा असतात कुठे?” ज्या मालकांच्या अंगणात अजून खरी तारांची चाके आहेत, त्यांनी त्या मुलास एकदा बोलावून ती लावायला द्यावीत. मोटारी पैशाने मिळतील. तो कान एकदा गेला की पैशाने मिळणार नाही.