फुकट ॲपची उचल

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे अर्धी रिकामी होतात. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागातल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, कधी कर्नाटकात बेळगावकडे ऊस तोडायला निघतात. निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती हातात पडते तेव्हा मोठा आधार वाटतो. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, पेरणीची उसनवारी त्यातून भागते. पण उचल फिटेपर्यंत मुकादम बदलता येत नाही. दुसरा मुकादम बरा वागतो, हिशेब नीट देतो हे माहीत असूनही जाता येत नाही. घेतलेल्या पैशापेक्षा सोडून जाण्याचा गमावलेला हक्कच शेवटी महाग पडतो.

या वेळी आम्हाला सोशल मीडियाच्या कंपन्यांबद्दल लिहायचे आहे. सुरुवात उचलीने केली, कारण बीडच्या वाचकाला हा विषय सांगायला याहून जवळचा शब्द आमच्यापाशी नाही.

आपल्या मोबाइलमधली ही ॲप फुकट आहेत. त्यांवर काय काय चालते ते पाहा. जनाजाची वेळ गावात माइकवरून कळते, पण पुण्यात कामाला असलेल्या मुलाला आणि सांगलीच्या फडात असलेल्या भावाला ती व्हॉट्सॲपवरच कळते. शाळेचा गृहपाठ, ग्रामसभेची नोटीस, मोंढ्यातला कापूस-सोयाबीनचा भाव, रेशन दुकानात धान्य आल्याचा निरोप, सगळे तिथेच येते. ऊसतोड टोळीचा ग्रुप असतो. गावी आजीजवळ ठेवलेल्या लेकराचा आवाज फडातल्या आईला तिथेच ऐकू येतो. गावचा पार, मशिदीचा ओटा आणि एसटी स्टँड या तिन्हींचे काम आज एका खासगी कंपनीच्या जागेत चालते.

कंपनीही एकच आहे. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम विकत घेतले आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप. तेव्हा फेसबुकवर रागावून जो इन्स्टाग्रामवर जातो, तो त्याच वाड्याच्या दुसऱ्या खोलीत जातो.

मग दुसऱ्याच्या वाड्यात का जात नाही? कारण आपली माणसे इथे आहेत. झोहो या भारतीय कंपनीचे अरट्टई हे ॲप २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदम चर्चेत आले. केंद्रीय मंत्र्यांनी त्याची शिफारस केली, लाखो लोकांनी ते उतरवून घेतले. पण असे नवे ॲप उघडून पाहावे तर तिथे ना मेहुणा, ना शाळेतले सर, ना टोळीचा ग्रुप. रिकाम्या घरात कोण किती दिवस बसणार? झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनीही तेव्हा हाच मुद्दा मांडला होता, की निरोपांची व्यवस्था ईमेल आणि यूपीआयसारखी एकमेकांना जोडलेली असावी.

सोडून जाण्याची सोय नसली की काय होते, हे ग्रामीण महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या पोरापोरींनी तिथे मेहनतीने प्रेक्षक मिळवला होता, त्यांचा तो प्रेक्षक एका रात्रीत गेला. आपले ऐकणारे सोबत घेऊन दुसरीकडे जाण्याची वाट त्यांना नव्हती.

ही वाट मुद्दाम बांधलेली नसते. जानेवारी २०१३ मध्ये ट्विटरने व्हाइन हे ॲप आणले, तेव्हा फेसबुकने त्याला आपल्या मित्रयादीचा दरवाजा तत्काळ बंद केला. पुढे ब्रिटिश संसदेने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांतून हा निर्णय कसा झाला ते जगासमोर आले. डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द ट्विटरने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि मॅस्टोडॉनकडे नेणाऱ्या लिंकवर बंदी घातली. ओरड झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. लहान असताना प्रत्येक कंपनी खुलेपणाची मागणी करते आणि मोठी झाली की कुलूप शोधते.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवी अट घातली, की आमचे माहिती-धोरण मान्य करा. त्याला नाही म्हणण्याची सोय दिलेली नव्हती. भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी करून १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. पुढे अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र जाहिरातींसाठी माहिती वापरण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. दंड झाला हे चांगलेच. पण फडातल्या त्या आईच्या दृष्टीने काय बदलले? नाही म्हणून दुसरीकडे जायचे, तर लेकराचा आवाज तिथे येत नाही.

हे असेच चालणार, तंत्रज्ञानाला इलाज नाही, असे कुणी म्हणेल. ते खरे नाही. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागतो. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. यूपीआयमध्ये चहावाल्याच्या टपरीवर एका ॲपचा कोड चिकटवलेला असला, तरी आपण दुसऱ्या ॲपने पैसे देतो. यातले काहीही कंपन्यांच्या औदार्याने झालेले नाही. सरकारने आणि नियामकांनी नियम केले म्हणून झाले.

मराठवाड्याला तर याचा जुना अनुभव आहे. बीड निजामाच्या राज्यात होते तेव्हा इथे हाली रुपया चालायचा आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात कळदार. सीमेवर करोडगिरीचे नाके असत. माणसे तीच, बोली तीच, सोयरीकही दोन्हीकडे, पण व्यवहार करताना वटाव द्यावा लागे. विलीनीकरणानंतर सात हाली म्हणजे सहा भारतीय रुपये असा दर ठरला आणि पुढे हाली चलनातून गेला. आज आपल्या बोलण्या-भेटण्यावर असेच नाके बसले आहेत. फरक इतकाच, की त्यांचा मालक हैदराबादेत नसून कॅलिफोर्नियात आहे.

युरोपीय संघाने हे नाके उठवायला सुरुवात केली आहे. तिथल्या डिजिटल बाजार कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपसारख्या बलाढ्य सेवांवर बंधन घातले, की मागणी करणाऱ्या छोट्या सेवांशी निरोपांची देवाणघेवाण होऊ दिली पाहिजे. भारतात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्येच प्रसिद्ध झाला, पण त्याचा कायदा अजून झालेला नाही. त्याहून वाईट म्हणजे, आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा जो हक्क २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात होता, तो २०२३ च्या कायद्यातून गळाला. त्यावर फारसे कुणी बोलले नाही.

दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला गोपनीयतेचा. वेगवेगळी ॲप जोडली तर निरोप फुटतील ही भीती पोकळ नाही. गोपनीयतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या सिग्नलनेही याच कारणाने अशा जोडणीला नकार दिला. म्हणून जोडणी सुरक्षित कूटबद्धतेसह आणि वापरणाऱ्याच्या संमतीनेच व्हावी. ज्याला नको त्याच्यावर ती लादू नये.

दुसरा आक्षेप अफवांचा. वाटा खुल्या केल्या तर विष आणखी पसरेल, असे आपल्या समाजातले जाणते लोकही म्हणतात. त्यांच्या काळजीमागे अनुभव आहे. पण बंद वाड्यात विष थांबले का? उलट एकाच वाटेवर सगळे असल्याचा तोटा बीडने सोसला आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात आमदारांचे घर पेटवले गेले, बीड शहरातही जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. अशा वेळी अफवेबरोबर डॉक्टरांचा निरोप, घरी सुखरूप पोचल्याची खबर आणि शांततेचे आवाहनही थांबते.

खुलेपणाच्या नावाखाली कुलूप विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे. २०१५ मध्ये फेसबुकने गरिबांना फुकट इंटरनेट म्हणून फ्री बेसिक्स आणले होते. त्यात निवडक संकेतस्थळेच दिसणार होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने अशा भेदभावाच्या दरांना मनाई केली. गरिबाला फुकट मिळते तर अडवता कशाला, असे तेव्हाही विचारले गेले. उचलीबद्दलही असेच विचारले जाते.

आमची मागणी साधी आहे. स्वतःचे संपर्क, फोटो आणि लिखाण सोबत घेऊन दुसऱ्या सेवेकडे जाण्याचा हक्क कायद्यात परत आणावा. बलाढ्य सेवांना इतरांशी निरोपांची देवाणघेवाण बंधनकारक करावी. खाते बंद केले तर कारण लेखी द्यावे आणि दाद मराठीत, उर्दूत मागता यावी. त्रास देणाऱ्या माणसामुळे जिला ॲप सोडावे लागते, त्या मुलीला मैत्रिणी गमवाव्या लागू नयेत. हे आपल्या खासदारांना पत्र लिहून सांगता येते, आणि ते वाचकांनी करावे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर मशीद कमिटी, शाळा, बचतगट आणि ऊसतोड टोळ्यांनी एक काम करावे. सदस्यांची नावे आणि फोन नंबर वहीत लिहून ठेवावेत, महत्त्वाची सूचना फळ्यावरही लावावी, गरज पडल्यास साध्या एसएमएसने पाठवावी. निरोपाला दुसरी वाट असली पाहिजे.

ऊसतोड कामगारांनी कारखाने बंद करा असे कधी म्हटले नाही. हिशेब दाखवा आणि नको असेल तिथून जाऊ द्या, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. या कंपन्यांकडेही आपले मागणे तेवढेच आहे.