दोन वर्षांचे दूध आणि आईचे ताट

घरात बाळ जन्माला आले की सल्ल्यांना तोटा नसतो. अलीकडे त्यात मोबाईलवर फिरणाऱ्या एका सल्ल्याची भर पडली आहे: अंगावर दूध प्यालेल्या मुलाला मोठेपणी हृदयविकार होत नाही. पालकसभेला येणाऱ्या आया मला याबद्दल विचारतात. ज्यांना दूध कमी आले, त्या खाली मान घालून विचारतात, "टीचर, मुलाला पुढे काही होणार नाही ना?"

मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. पण दावा कोणता आणि पुरावा कोणता, हे वेगळे करून दाखवणे माझ्या पेशातच येते.

या दाव्याला आधार अजिबात नाही असे नाही. इंग्लंडमध्ये १९८२ ते १९८५ या काळात अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना दान केलेले आईचे दूध आणि काहींना पावडरचे दूध देण्यात आले. त्यातली मुले तेरा ते सोळा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आईचे दूध मिळालेल्यांचा रक्तदाब कमी आढळला. मात्र ही बाळे वेळेआधी जन्मलेली होती. पूर्ण दिवसांच्या बाळांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळांचा मोठा प्रयोग बेलारूसमध्ये झाला. १९९६-९७ मध्ये ३१ प्रसूतिगृहांतील सतरा हजारांहून अधिक बाळे त्यात होती. निम्म्या ठिकाणी मातांना स्तनपानासाठी खास मदत दिली गेली. तीन महिन्यांच्या वयाला तिथली ४३ टक्के बाळे फक्त आईच्या दुधावर होती, इतर ठिकाणी ६ टक्के. पहिल्या वर्षात जुलाबाचा त्रास मदत मिळालेल्या गटात कमी झाला. पण मुले साडेअकरा वर्षांची झाली तेव्हा रक्तदाब आणि लठ्ठपणा यांत त्या गटाला फायदा दिसला नाही.

म्हणजे आईचे दूध बाळाला आजारांपासून वाचवते, ते द्यायलाच हवे. पण त्याला हृदयाचा विमा म्हणणे पुराव्यापलीकडे जाते. आणि त्या विम्याचा हप्ता एकट्या आईकडून वसूल करणे हा अन्याय आहे.

बाळाच्या हृदयाची गोष्ट पहिल्या घोटाच्या आधी सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळे किरकोळ, पण त्यांच्या अंगावर स्नायूंच्या मानाने चरबी जास्त. हीच ठेवण पुढे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. ज्या स्त्रियांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे अधिक वजनाची होती. म्हणून बाळाची चौकशी आईच्या ताटापासून सुरू व्हायला हवी.

आणि आईच्या हृदयाचे काय? सुमारे बारा लाख स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी अंगावर पाजले होते, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका सुमारे ११ टक्के कमी आढळला. अशा आढाव्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण या बाजूची चर्चा आपल्या घरांत मी कधी ऐकली नाही.

आपल्याकडे सूरह बकरामधील २३३वी आयत दोन वर्षांच्या दुधासाठी हमखास सांगितली जाते. ती पूर्ण वाचावी, एवढीच माझी विनंती आहे. दोन वर्षांचा उल्लेख होताच त्याच आयतीत पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. कुणावर ताकदीबाहेरचा बोजा नको, मुलापायी आईला त्रास नको, आणि दूध सोडवायचे तर दोघांनी सल्लामसलतीने ठरवावे, असेही तिथेच आहे. आपण आईचा हिस्सा पाठ केला आणि बापाचा विसरलो.

माझ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी आया घरी बसून नगावर शिवणकाम करतात. २०१७ पासून कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, पण ती दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला रजा कोण देणार? चाळीस दिवस सरले की ती कामाला लागते, सगळ्यांचे झाल्यावर जेवते, आणि दूध आटले की बोल तिलाच.

सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा पुढेही चालू ठेवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मला मान्य आहे. ती पाळता यावी म्हणून घराने काय करावे, हेही बोलू या. पाजणारीचे ताट आधी वाढावे. रात्री बाळ रडले तर बापाने उठून त्याला तिच्याजवळ आणून द्यावे. जुम्याच्या बयानात या आयतीचा दुसरा भाग सांगितला जावा. आणि जिला दूध आलेच नाही, तिला मुलाच्या भावी हृदयविकाराची भीती घालणे आजच बंद करावे.